गुरुजी, लिहायचं कशासाठी? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी करून निवृत्त झालो. मनात बरंच साचलं आहे, लिहावंसं वाटतं. पण मुलं म्हणतात, 'बाबा, हे वाचणार कोण?' मग वही मिटून ठेवतो. लिहायला काही कारण तरी हवं ना?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, जि. बीड

उत्तर : गुरुजी, कारण तुमच्या शाळेच्या कपाटातच आहे. जनरल रजिस्टर आठवा. नाव, जात, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख आणि पुढे 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना. त्यात कितीतरी नावांपुढे 'सतत गैरहजर' एवढंच लिहिलेलं सापडेल. त्या दोन शब्दांमागे काय असतं हे तुमच्या जिल्ह्यातल्या शिक्षकाला सांगायला नको. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी साखर कारखान्याकडे निघते आणि सहावीतली मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला कोपीवर, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपडीवर, जाते. गाळप संपून घरी येते तोवर वर्ष सरत आलेलं असतं. एक-दोन हंगाम असे गेले की ती वर्गात बसायला लाजते, कारण सोबतच्या मुली पुढे गेलेल्या असतात. यातलं काहीही शेरेबुकात नाही, लॉगबुकात नाही. ते फक्त वर्गशिक्षकाला माहीत असतं. तुम्ही लिहिलं नाहीत तर त्या मुलीबद्दल कायमचं 'सतत गैरहजर' एवढंच उरेल. शिक्षकाने लिहिण्याचं याहून भक्कम कारण आम्हाला दिसत नाही.

इतरही कारणं असतात, आणि ती वेगळी ठेवावीत, कारण कोणासाठी लिहायचं यावर काय लिहायचं हे ठरतं. गावासाठी लिहायचं तर पट किती होता, वर्ग देवळात भरायचे की खोलीत, खोली कोणत्या साली बांधली, कोणत्या वस्तीवरून मुलं यायची हे हवं. नातवंडांसाठी लिहायचं तर पहिला पगार, खोलीचं भाडं, मुक्कामाची एसटी, रॉकेलचा स्टोव्ह. आणि मनातली बोच मोकळी करायची असेल तर ती वही कुणाला दाखवायची नाही असं आधीच ठरवा, तरच खरं उतरेल. तिन्ही गोष्टी एका वहीत घातल्या की हात आखडतो आणि लिखाण दहाव्या पानाच्या आत थांबतं. म्हणून पहिल्या पानावर एकच ओळ लिहा : 'हे मी अमक्यासाठी लिहीत आहे.' दोन वाचक मिळाले तरी पुष्कळ.

प्रश्न : लिहायला बसते, पण सनावळी जुळत नाही. आणि जे उतरतं ते सगळं निरोप समारंभातल्या भाषणासारखं वाटतं.
— एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, सनावळीसाठी सेवापुस्तकाची दुय्यम प्रत काढा. रुजू, बदली, कार्यमुक्त यांच्या तारखा त्यात आहेत. प्रत्येक शाळेला एक फूलस्केप पान द्या आणि डावीकडे दोन बोटं समास सोडा. मग त्या पानावर पक्क्या खुणा टाका : १९९१, २००१ आणि २०११ ची जनगणना, कारण प्रगणक म्हणून घरोघर फिरलेली वाडी विसरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटेचा. २००० साली पहिलीपासून सुरू झालेलं इंग्रजी. 'भूकंपाच्या आधी की नंतर?' असं स्वतःला विचारलं की बऱ्याच आठवणी आपापल्या जागी बसतात. नंतर काही आठवलं तर ते समासात लिहा, मूळ ओळ खोडू नका. रोजच्या पानावर लिहिल्याची तारीखही टाका.

सुरुवात जन्मापासून मात्र करू नका. बालपणातच अडकायला होतं आणि शाळा राहून जाते. पहिल्या शाळेचा नकाशा काढा : फळा कुठे, दार कोणत्या बाजूला, पाण्याचा माठ कुठे, गळतं छप्पर कुठे. नकाशा पुरा होता होता माणसं आठवू लागतात. मग तिथला एकच साधा दिवस लिहा, परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत. एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटं पुरेत.

भाषणाचा सूर येतो तो 'विद्यार्थी घडवण्याचं भाग्य लाभलं' अशा वाक्यांमुळे. ते वाक्य कोणत्याही शिक्षकाच्या तोंडी चालेल, म्हणून ते तुमचं नाही. त्याच्या जागी एक मूल आणि एक अडचण लिहा : हातच्याची वजाबाकी करताना तो वरच्या ओळीत शून्य दिसलं की थांबायचा, त्यावर तुम्ही काड्यांचे गठ्ठे सोडवून दाखवले, आणि मग काय झालं.

चिंतन लिहिताना तीन थर वेगळे ठेवा : काय घडलं, तेव्हा काय वाटलं, आज काय वाटतं. छडीबद्दल लिहिताना याची कसोटी लागते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला मनाई केली. त्याआधीच्या वर्गाबद्दल लिहिताना आजचं शहाणपण मागे नेऊन चिकटवलं की लिखाण खोटं पडतं, आणि आज काय वाटतं ते गाळलं तर ते नुसतं समर्थन होतं.

प्रश्न : विद्यार्थ्यांची खरी नावं लिहावीत का?

उत्तर : कौतुकाची गोष्ट असेल तर त्यांना विचारून जरूर लिहा. गरिबी, शिक्षा, आजारपण, बालविवाह यातलं काही असेल तर नाव बदला. पण लहान गावात नुसतं नाव बदलून भागत नाही. 'पाटलाच्या वाड्यामागच्या सुताराची थोरली' म्हटलं की सगळ्यांना कळतं. वर्ष आणि घरचा धंदाही बदला. घटनेचं कारण मात्र बदलू नका, तेच तर नोंदवायचं आहे. कोणतं बदललेलं नाव कोणाचं, ही यादी वेगळ्या वहीत, घरातच ठेवा. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची किंवा मुलीची ओळख उघड करायला पोक्सो कायद्यानेच मनाई आहे. तिथे शाळा, गाव, नातेवाईक यांपैकी कशाचाही धागा ठेवू नका.

प्रश्न : हाताने लिहावं की मोबाइलवर?

उत्तर : ज्याने सुचतं त्याने. पाण्याने फुटणारी शाई टाळा, साधं बॉलपेन चांगलं. वर्तमानपत्राची कात्रणं वहीत चिकटवू नका, तो कागद पिवळा पडतो आणि शेजारच्या पानालाही डागाळतो. मोबाइलवर बोलून टाइप केलंत तर विरामचिन्हं बहुधा पडत नाहीत आणि गावांची, माणसांची नावं चुकतात, म्हणून त्याच दिवशी वाचून दुरुस्त करा. डीटीपीवाल्याकडे देताना मजकूर युनिकोडमध्येच ठेवायला सांगा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा कचरा दिसतो. छापायचं झालं तर डेमी आकारात सोळा पानांचा एक फॉर्म धरतात, म्हणून एकूण पानं सोळाच्या पटीत बसवा, नाहीतर शेवटी कोरी पानं राहतात.