बिनचालकी गाडी आणि तिचा तळ

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून विचारणा आली आहे : ‘ड्रायव्हरलेस कारला स्वयंचलित कार म्हटलेलं चालेल का? आणि अशा गाड्या आल्यावर गाडीमालक, वाहनतळ हे शब्द उरतील का?’

चालणार नाही. ऊठसूट ‘स्वयंचलित’ ऐकून कान किटले. गाडी स्वयंचलित झाली 1886 साली, बेंझने घोड्याऐवजी इंजिन जोडलं तेव्हा. ‘ऑटोमोबाइल’चा अर्थ तोच : आपली आपण हलणारी. आता गळतोय तो चालक. ‘चालकविरहित’ म्हटलं की गाडी चालकाच्या विरहानं झुरतेय असं वाटतं. बिनतारी, बिनविरोध, तशी बिनचालकी म्हणा. तेही जपून. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेनं माणसाचं काम गाडीकडे किती गेलं हे मोजायला केलेल्या 0 ते 5 पायऱ्यांत दुसरीपर्यंत नजर माणसानंच ठेवायची. तिसरीत गाडीनं बोलावलं की स्टिअरिंग धरायचं. चौथीपासून पुढचीच खरी बिनचालकी, तीही चौथीत ठरल्या हद्दीपुरती. अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये 2020 पासून लोकांना नेणाऱ्या वेमो कंपनीच्या गाड्या याच पायरीच्या. त्या भाड्यानं बोलवायच्या, विकत घ्यायच्या नाहीत. ‘चालक-मालक’ या जोडशब्दाचं काय होणार ते यावरून समजा.

खरी गंमत ‘तळ’ या शब्दात आहे. वाहनतळ हा ‘विमानतळ’च्या नकलेनं घडवलेला सरकारी शब्द, असं काही पंडित ठासून सांगतात. मग पुण्यातला हडपसरचा गाडीतळ कुठल्या परिपत्रकातून आला? माझ्या मते हा तळ फौजेचा : तळ पडला की बैल सोडायचे, गाडे रांगेनं लावायचे. आणि इंग्रजी ‘पार्क’? मूळ अर्थ कुंपण घातलेलं आवार. पुढे तोफखान्याचे गाडे लावायची जागा, आणि तिथून पार्किंग. दोन्ही शब्द छावणीतच वाढले! ‘वाहनथांबा’ सुचवणाऱ्यांना हे दिसत नाही. थांबा उतारू चढण्या-उतरण्यापुरता. तळावर गाडी मुक्कामाला असते.

बिनचालकी गाडी नेमकी हीच फारकत करते. अंबाबाईला आलेल्यांना महाद्वार रोडला उतरवून ती शहराबाहेर तळावर जाईल. म्हणजे दुकानांपुढे थांबे वाढवावे लागतील. तळ बिंदू चौकातच हवा असं नाही. तळावर जागाही कमी लागेल. आज एका मोटारीला अडीच बाय पाच मीटर आखतात, कारण दारं उघडायला जागा सोडावी लागते. माणसं आधीच उतरली असतील तर पाच गाड्यांच्या साडेबारा मीटरांत सहा मावतात : प्रत्येकीला दोन मीटरांहून थोडं जास्त.

फसगत दुसरीकडे आहे. विजेवरची गाडी युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. गर्दीत ताशी दहाच्या वेगानं रिकामी फिरली तर तासाला दीड युनिट. पार्किंगची पावती त्याहून महाग असली की ती तळावर जाईल कशाला? शहरभर घिरट्या घालेल. अशा गाडीला आपल्याकडे शब्द तयार आहे : उंडगी. तिला आवरायचं तर तळाचं भाडं कमी ठेवून रिकाम्या फेरीवर किलोमीटरनं कर लावावा लागेल.