पूरप्रतिकारक भात म्हणावं का?

प्रश्न असा की शेतीवरच्या लेखाचं भाषांतर करताना 'फ्लड टॉलरंट राइस'ला पूरप्रतिकारक भात लिहिलं तर चालेल का, वॉटरलॉगिंग आणि सबमर्जन्स दोन्हीला 'पाण्याखाली जाणे' म्हटलं तर काय बिघडतं, आणि 'लीफ गॅस फिल्म'चं काय करायचं.

दुसरं आधी घेतो. बिघडतं, बरंच बिघडतं. वॉटरलॉगिंगमध्ये पाणी मुळांशी असतं, शेंडा मोकळ्या हवेत, तर त्याला सरळ पाणी साचणं किंवा तुंबणं म्हणा, आणि जमीनच तशी झाली असेल तर चिबड हा शब्द आहेच, तो असताना 'जलसंपृक्त' वगैरे कशाला घडवायचं मला तरी कळत नाही. सबमर्जन्स म्हणजे शेंड्यासकट अख्खं रोप बुडणं. रोपाच्या दृष्टीने ही दोन वेगळी संकटं आहेत. नुसतं पाणी साचलं तर भाताला फारसं काही होत नाही, पानांकडून ऑक्सिजन आतल्या आत मुळांपर्यंत उतरतो. भाताचं मूळ आडवं कापून भिंगाखाली बघा, मधला गाभा आणि बाहेरची साल यांच्यामध्ये नुसत्या पोकळ्या आणि त्यांना धरून ठेवणारे पातळ पडदे दिसतील. शिवाय सालीच्या थरात सुबेरिनसारखं मेणचट द्रव्य बसतं, त्यामुळे तो ऑक्सिजन वाटेत चिखलात झिरपून जात नाही. पण शेंडाच बुडाला तर हवा आणायची कुठून? पाण्यात वायू हवेच्या मानाने साधारण 10 हजार पट हळू पसरतात.

आता प्रतिकारक. हा शब्द रोग-किडीला ठीक आहे, पुराला कुठलं रोप प्रतिकार करणार? सहनशील रूढ आहे, चालेल, पण त्यात एक घोळ होतो, कारण भातात बरोब्बर उलट वागणारे दोन प्रकार आहेत आणि आपण दोघांनाही सहनशील म्हणून मोकळे होतो. बुडाल्याची वर्दी दोघांना एकच मिळते, ती म्हणजे एथिलीन. हा वायू रोपात नेहमीच तयार होत असतो, भोवती पाणी असलं की बाहेर पडू शकत नाही आणि आतच साठतो. खोल पाण्यातला भात ही वर्दी मिळाली की कांड्या भराभर लांबवत सुटतो, दिवसाला 20-25 सेंमी सुद्धा, आणि शेंडा पाण्याबाहेर काढतो. यामागची जनुकं जपानी संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केली, नावंच स्नॉर्कल (पाणबुड्याची श्वास घ्यायची नळी) 1 आणि 2. दुसऱ्या प्रकारात सब1ए नावाचं जनुक असतं (2006 मध्ये ओळखलं गेलं, ओडिशातल्या जुन्या वाणातून निवडलेल्या एफआर13ए या वाणामधलं), ते उंच वाढणं रोखतं, साठवलेली साखर आणि पिष्ट राखून ठेवतं आणि पाणी उतरलं की त्या शिल्लकीवर नवी पानं फुटतात. भारतात 2009 मध्ये आलेला स्वर्णा-सब1 हा वाण यातलाच, साधारण दोन आठवडे पूर्ण बुडून निभावतो. गंमत म्हणजे दोन्हीकडची जनुकं एकाच कुळातली!

म्हणून 'तग धरणारा' फक्त दुसऱ्याला म्हणा. पहिला तग धरतच नाही, तो पाण्याबरोबर वाढतो, तसंच लिहा. चार दिवसांच्या पुरात ही घाई उलट अंगाशी येते, शिल्लक संपते आणि पाणी ओसरलं की लांबडी, लेचीपेची रोपं आडवी पडतात. इंग्रजीत पहिल्याच्या वागण्याला एस्केप आणि दुसऱ्याच्या वागण्याला क्विसन्स म्हणतात, पण एस्केपला पलायन आणि क्विसन्सला सुप्तावस्था मात्र कृपा करून नको, सुप्तावस्था बियाण्याची असते, इथे रोप जागंच आहे, फक्त वाढ थांबवून बसलंय.

लीफ गॅस फिल्मला मी 'हवेचा पापुद्रा' म्हणेन. भाताचं पान पाण्यात बुडवलं की चंदेरी दिसतं ना, तोच. पानावरच्या मेणामुळे पाणी चिकटत नाही आणि हवेचा पातळ थर अडकून राहतो, त्यातून दिवसा कार्बन डायऑक्साइड आणि रात्री ऑक्सिजन आत घेणं सोपं जातं. 'थर' लिहिलंत तरी चुकणार नाही, पण हा काही दिवसांत सुटून जातो आणि पान ओलं होतं, ते सुटणं पापुद्र्यात जास्त कळतं.