सिमेंटची गाडी कारखान्यातून दुकानापर्यंत ट्रॅक कशी करायची?

तुमचं दुकान नागपुरात, माल गडचांदूर-चंद्रपूरकडून येतो. कारखाना म्हणतो ‘गाडी निघाली’, ड्रायव्हर फोन उचलत नाही, हमाल बसून राहतात. म्हणून जीपीएसवाली ट्रान्सपोर्टच धरावी का, असं तुम्ही विचारलंय.

आधी ‘निघाली’ म्हणजे काय ते ठरवून घ्या. डीओ (डिलिव्हरी ऑर्डर, माल द्यायचा आदेश) कटला तरी डिस्पॅचवाले ‘निघाली’ म्हणतात आणि गाडी यार्डात नंबर लावून उभी असली तरी ‘निघाली’च. गाडी आत येते, रिकामं वजन होतं, पॅकिंग प्लांटवर भरते, पुन्हा काट्यावर चढते, इन्व्हॉइस आणि ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) बनतं, मग गेट आऊट, म्हणजे गाडी गेटबाहेर. वेळ खातो तो लोडिंगचा नंबर, रस्ता नाही. तेव्हा डिस्पॅचला एवढंच विचारा: ई-वे बिल झालं का, गेट आऊट किती वाजता? ई-वे बिल तुमच्या जीएसटी नंबरवर बनलेलं असेल तर पोर्टलवर तुमच्या लॉगिनमध्येही दिसतं, गाडी नंबर आणि मुदतीसकट. फोन न करता मिळणारी ही सगळ्यात भरवशाची खूण आहे.

तिथून हिशेब सोपा. भरलेली गाडी चहा-जेवण धरून ताशी 30 किलोमीटरच्या आसपासच पडते. पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरला सहा-सात तास धरा. वरोरा, जाम, बुटीबोरी या तीन जागांवर जिओफेन्स (गाडी तिथे पोचली की अलर्ट देणारी नकाशावरची हद्द) लावून घ्या आणि हमालांना फोन बुटीबोरीचा अलर्ट आल्यावरच करा. दुकानाच्या रस्त्यावर दिवसा जड वाहनांना बंदी असेल तर गाडी बाहेर थांबणार, तो वेळ वेगळा धरा.

ट्रॅकिंग दोन प्रकारचं. गाडीत बसवलेलं जीपीएस अचूक असतं. ड्रायव्हरच्या मोबाइल सिमवरचं ट्रॅकिंग स्वस्त, पण ड्रायव्हरने मेसेजवर संमती दिल्याशिवाय सुरूच होत नाही, आणि ठिकाण टॉवरवरून काढत असल्याने गावाबाहेर काही किलोमीटर इकडेतिकडे दाखवतं. दोन सिम असले की चुकीचा नंबर नोंदला जातो, ड्रायव्हर बदलला की नकाशावरचा ठिपका जुन्याच माणसाच्या घरी उभा राहतो. म्हणून संमती गेट आऊटच्या आधी, गेटवरच घ्यायला लावा.

शनिवारच्या गाडीकडे खास लक्ष द्या. 200 किलोमीटरपर्यंत ई-वे बिलाची मुदत एक दिवस, आणि ती दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपते. शनिवारी रात्री बनलेलं बिल रविवारी रात्री 12 ला संपलं, तुम्ही खाली करणार सोमवारी. मुदत संपण्याआधी 8 तास ते नंतर 8 तास एवढ्यातच वाढवता येते, म्हणजे रविवारी दुपारी 4 ते सोमवारी सकाळी 8. ट्रान्सपोर्टरला रविवारीच आठवण करा. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत भरला तर ई-वे बिलाच्या पार्ट बी मध्ये (गाडीच्या माहितीचा भाग) नवा गाडी नंबर टाकलाय का, तेही बघा.

खाली करताना सिमेंट मोजूनच घ्या, काट्यावर विसंबू नका. 25 टन म्हणजे 50 किलोच्या 500 बॅगा. टाकीत 100 लिटर डिझेल कमी-जास्त असलं तरी 80-85 किलोचा फरक पडतो, त्यात दीड बॅग लपते. दहा-दहाची थप्पी लावा, 50 थप्प्या झाल्या पाहिजेत. सळईचं उलट: तिथे वजनच खरं, त्यामुळे धरमकाट्यावर भरलेली आणि रिकामी अशा दोन्ही पावत्या ठेवा.

पावसाळ्यात ताडपत्री सोडण्याआधी फोटो काढा. वरच्या आणि कडेच्या बॅगा हाताने दाबून बघा, गोळे लागले तर बाजूला. बॅगेवरचा पॅकिंगचा आठवडाही बघून ठेवा, जुनी थप्पी आधी विकता येते. फुटक्या, ओल्या आणि कमी बॅगांचा आकडा बिल्टीच्या (ट्रान्सपोर्टरच्या माल पावतीच्या) सगळ्या प्रतींवर लिहा, गाडी आल्याची आणि रिकामी झाल्याची वेळ टाका, ड्रायव्हरची सही घ्या आणि मगच तुमचा शिक्का मारा. कोऱ्या बिल्टीवर शिक्का पडला की तुटीचा क्लेम बसत नाही, आणि हॉल्टिंगचा (गाडी थांबवून ठेवल्याच्या भाड्याचा) वाद निघाला तर तुमच्या हातात वेळेचा कागदच नसतो.