'शे' एक की अनेक?

अमळनेरच्या एका वाचकांनी विचारले आहे की, 'तो घरमा शे' या अहिराणी वाक्यातला 'शे' आणि 'दोनशे'तला 'शे' हे एकच आहेत का. हिब्रू भाषेतही 'शे' असल्याचे ऐकून, अहिराणीचे तिच्याशी काही नाते असावे का, अशी शंकाही त्यांना आली आहे.

आपल्या तोंडी असलेले हे दोन 'शे'च मुळात एकमेकांचे कोणी लागत नाहीत. 'दोनशे'तला 'शे' संस्कृत 'शत', प्राकृत 'सय' या वाटेने आला असून 'शेकडा' या शब्दातही तोच आहे. अहिराणीतला 'शे' मात्र 'आहे' या अर्थाचे क्रियापद आहे. त्याचे अनेकवचन 'शेतस' होते, आणि त्याच्या सर्वांत जवळ बसतो तो गुजराती 'छे', ज्याचा माग प्राकृत 'अच्छइ'पर्यंत लागतो. (ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात १९०७ साली खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीच्या खंडात न घेता भिल्ली भाषांसोबत ठेवले गेले, त्यामागे गुजरातीशी असलेले असे साम्यच होते.) 'दोनशे शेतस' एवढ्या दोन शब्दांत हे दोन्ही 'शे' शेजारी शेजारी येतात आणि ऐकणाऱ्याचा क्षणभरही घोटाळा होत नाही.

हिब्रूतला 'शे' हा 'जो', 'जे' किंवा 'की' या अर्थाचा असून तो पुढच्या शब्दाला जोडूनच येतो: 'हा-सेफेर शे-कराती', म्हणजे 'मी वाचलेले पुस्तक'. असाच एक 'शे' हंगेरियनमध्येही आहे, आणि ती तर तिसऱ्याच, उरालिक कुळातली भाषा. तिथे रोमन 'एस'चा उच्चार 'श' होतो, म्हणूनच त्या लोकांची राजधानी त्यांच्या तोंडी 'बुडापेश्त' असते. आणि 'शे कुत्या, शे मच्का' याचा अर्थ 'ना कुत्रा, ना मांजर'. जो ध्वनी आपण असण्यासाठी वापरतो, तोच तिथे नसण्यासाठी वापरला जातो, याचे मला फार नवल वाटते. 'साप' या अर्थाचा चिनी शब्दही रोमन लिपीत असाच दिसतो, पण त्यातला स्वर 'ए' नाही, म्हणून मी तो या यादीत धरत नाही.

एका व्यंजनाचे आणि एका स्वराचे शब्द कोणत्याही भाषेत मोजकेच होऊ शकतात, त्यामुळे असे योगायोग घडणारच. नाते पाहायचे तर शब्द चालवून पाहावा: अहिराणीचा 'शे' वचनाप्रमाणे बदलतो, हिब्रूचा कधीच बदलत नाही.