आजोबांनाच विचार, पण चालता चालता

कोल्हापुरातल्या पेठेत स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी काहीतरी करायचं म्हणतोस, चांगलंच. पण पहिली बैठक नुसत्या नातेवाइकांची भरवू नकोस. मीही तेच केलं होतं. सगळे बोलले आणि ज्यांना आजार ते आजोबा कोपऱ्यात चहा पीत बसले.

त्यापेक्षा अशा दोघा-तिघा आजोबांना घेऊन बिंदू चौकातून महाद्वार रोडकडं चाल. सकाळीच, संध्याकाळी पुष्कळांचा गोंधळ वाढतो. आमच्यातले एक निवृत्त मास्तर एका दुकानाच्या दारात थबकले, ते हलेचनात. "खड्डा हाय," म्हणाले. बघतो तर काळं पायपुसणं! या आजारात गडद चटई खड्ड्यासारखी, चकचकीत फरशी ओली वाटू शकते. आमच्या एकाही बैठकीत हे निघालं नव्हतं. दुकानदारानं पायपुसणं बदललं, ते दाखवायला मास्तरांना परत नेलं.

प्रश्न एका वेळी एकच. "इथं बसाल की तिकडं?" असा. मग गप्प राहायचं, अगदी अवघडेपर्यंत. मुलगा मध्येच उत्तर देतो, त्याला आधीच सांगून ठेव. "आठवतंय का?" हे तर चुकूनही नको. रंकाळ्याचे जुने फोटो दाखव, बोलणं आपोआप निघतं. तिथं बाक कुठं हवेत तेही मग तेच सांगतील.