'सोवाज'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा अशी आहे: १९९१ सालच्या 'ब्लॅक रोब' या चित्रपटाची मराठी सबटायटल्स करताना, जेझुइट (कॅथलिक पंथातल्या एका धर्मसंघाच्या) पाद्र्यांच्या तोंडी येणाऱ्या 'सॅव्हेज' या शब्दाला काय योजावं? 'रानटी' लिहिलं तर शिवी वाटते, 'आदिवासी' लिहिलं तर सभ्य दिसतं, पण काहीतरी खटकतं. त्या काळाला धरून कोणता शब्द होईल?

माझं उत्तर 'रानटी'. मात्र सरसकट नाही.

चित्रपटातले पाद्री इंग्रजी बोलत असले तरी गोष्ट १६३४ सालच्या न्यू फ्रान्समधली आहे, म्हणजे आजच्या कॅनडाच्या पूर्व भागातली. तिथला जेझुइट 'सॅव्हेज' म्हणणार नाही, 'सोवाज' म्हणेल. न्यू फ्रान्समधल्या जेझुइटांचे वार्षिक अहवाल १६३२ ते १६७३ या काळात पॅरिसमध्ये छापले गेले आणि त्यांत हा शब्द पानोपानी आहे. त्याचं मूळ लॅटिन 'सिल्वा' म्हणजे रान. त्यावरून 'सिल्वाटिकुस', म्हणजे रानातला. आजही फ्रेंचमध्ये रानफुलाला आणि रानबदकाला हेच विशेषण लागतं. हा फ्रेंच शब्द इंग्रजीत गेला आणि तिथे क्रौर्याचा अर्थ वरचढ झाला. पुढे १८९६ ते १९०१ या वर्षांत हे अहवाल इंग्रजी भाषांतरासह ७३ खंडांत निघाले, तेव्हा 'सोवाज'च्या जागी 'सॅव्हेज' बसला. तेव्हा मराठी करण्याआधी इंग्रजी वाक्य मनात फ्रेंचकडे परत न्यावं.

आता आपल्याकडे बघा. 'रान' आला 'अरण्य'वरून, म्हणजे 'रानटी'ची घडण 'सोवाज'सारखीच, रानापासून झालेली. रानमेवा, रानभाजी, रानफूल म्हणताना 'रान' मायेचं असतं. रानटी वेल, रानटी हत्ती इथवरही दोष नाही. तोच शब्द माणसाला लावला की माया आटते. 'सोवाज'मध्येही नेमकी हीच दुहेरी छटा होती: रानात राहणारा, आणि म्हणून आपल्याहून कमी. (आपल्या 'सावज'शी त्याचं नातं जोडायचा मोह होईल, पण 'सावज' 'श्वापद'वरून आलेला. सारखेपणा फक्त कानाला.)

म्हणून वाक्य पाहून ठरवावं. नुसती माहिती असेल, 'दोन सोवाज होडी घेऊन आले' अशा धर्तीची, तर 'रानातली दोन माणसं होडी घेऊन आली' असं लिहावं. तिरस्कार किंवा धास्ती असेल तिथे 'रानटी'. ते सगळीकडून काढून टाकू नये. पाद्र्याच्या मनातली उच्चनीचता पुसली की तो विसाव्या शतकातला समंजस मानववंशशास्त्रज्ञ वाटू लागतो, आणि हा खोटेपणा चुकीच्या झग्याहून मोठा आहे.

'आदिवासी' खटकतो तो याचमुळे. तो शब्द विसाव्या शतकात रुजला. १९३८ मध्ये रांचीत आदिवासी महासभा उभी राहिली, तिथे त्यात स्वाभिमान आणि हक्काची मागणी भरली गेली. तो १६३४ च्या फ्रेंच माणसाच्या तोंडी घालणं म्हणजे त्याच्या मनगटावर घड्याळ बांधणं. 'जंगली' चालेल, पण त्यामागचा संस्कृत 'जाङ्गल' मुळात विरळ झाडीच्या कोरड्या प्रदेशाला लागे, त्यामुळे 'सिल्वा'शी तो तितका जुळत नाही.

तिथल्या मूळ रहिवाशांच्या नावांनाही हाच नियम: तोंड कोणाचं? 'ह्युरॉन' हे फ्रेंचांनी ठेवलेलं नाव, ते लोक स्वतःला 'वेंदात' म्हणत. 'मोंतान्ये' म्हणजे फ्रेंचांच्या लेखी 'डोंगरी', ते स्वतः 'इन्नू'. पाद्र्याच्या संवादात फ्रेंच नाव ठेवा, त्या लोकांच्या आपसातल्या बोलण्यात त्यांचं स्वतःचं.

चित्रपटात क्री आणि मोहॉक या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषा ऐकू येतात. वेंदात ही मोहॉकच्याच कुळातली, आणि या दोन्हींत प, ब, म हे वर्ण मुळातच नाहीत. 'पाद्री', 'बाप', 'मारिया' यांतला एकही शब्द ओठ न मिटता म्हणून पाहा, म्हणजे अडचण कळेल. ज्याँ द ब्रेबफ या जेझुइटाचं आडनाव वेंदातांना पेलण्यासारखं नव्हतंच. त्यांनी 'ज्याँ'चं 'एशाँ' केलं आणि तेच नाव चाललं. मोहॉक बोलताना नटाचे ओठ सारखे मिटत असतील तर उच्चार कच्चा आहे, हे भाषा न येणाऱ्यालाही दिसेल. क्रीला ही कसोटी लावू नये, तिच्यात प आणि म आहेत.

'बाप्तिस्मा'लाही हाच न्याय. पाद्र्याच्या तोंडी हा शब्द बरोबर. पण १६३४ पासून साथी आल्या, १६३९ मध्ये देवी आली, आणि पाद्री मरणाऱ्यांच्या डोक्यावर पाणी घालत. अनेक वेंदातांना वाटू लागलं की ते पाणीच जीव घेतं. त्यांच्या तोंडी 'पाणी घालणं'च हवं.

प्रार्थनेचं वाक्य आलं तर विशेष जपावं. वेंदात भाषेत नुसतं 'बाप' म्हणता येत नाही, कोणाचा बाप ते शब्दातच सांगावं लागतं. म्हणून 'पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने' याऐवजी ब्रेबफने १६३६ च्या अहवालात असं रूप सुचवलं: आमच्या पित्याच्या, त्याच्या पुत्राच्या आणि त्यांच्या पवित्र आत्म्याच्या नावाने. शिवाय ज्याचा बाप वारला आहे त्याच्याकडून 'स्वर्गातल्या आमच्या बापा' म्हणवून घेणं तिथे जखमेवर बोट ठेवण्यासारखं होतं. तेव्हा एखादं पात्र वेंदातमध्ये प्रार्थना म्हणत असेल, तर मराठी बायबलातलं पाठ वाक्य तिथे उचलून ठेवू नका. 'आमच्या', 'त्याच्या', 'त्यांच्या' हे तिन्ही शब्द सबटायटलमध्ये दिसू द्या, ओळ लांबली तरी.