कॅलरी कमी करतोय पण दिवसभर भूक लागते. पोट भरेल असं काय खावं?

तुम्ही लिहिलंय, दोन महिने झाले जेवण निम्मं केलंय, तीन चपात्यांवरून दीडवर आलोय, भात बंद, आणि तरी रोज संध्याकाळी पाचला ऑफिसखालच्या वडापावच्या गाडीकडे पाय वळतात. मग पोटही भरेल आणि कॅलरीही आटोक्यात राहतील असं खायचं तरी काय?

आधी माझी लायकी सांगतो. मी आहारतज्ज्ञ नाही, डॉक्टर नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात हिशेब विभागात आहे, वय ४७. सव्वा वर्षापूर्वी ९१ किलो होतो, आता ७८. साखरेवर पोट असलेल्या माणसानं वजन उतरवण्याचे सल्ले द्यावेत यातली गंमत माझ्याही लक्षात येते.

पहिले तीन महिने मी अगदी तुमच्यासारखंच केलं. मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपनं १२०० कॅलरी सांगितल्या, मी ताटातलं सगळं निम्मं केलं. दिवस कसाबसा जायचा. पण गळीत हंगाम चालू होता, रात्री उशिरापर्यंत बसावं लागायचं आणि अकराच्या सुमारास कँटीनमधून भज्यांचा वास आला की दिवसभराची तपश्चर्या पाच मिनिटांत भंग. दीड किलो उतरलं, तेही परत आलं. बायको म्हणाली, "जेवत नाही म्हणून चिडचिड करता आणि वजन आहे तेवढंच. निदान जेवून तरी चिडचिड करा."

चूक कुठं होती ते नंतर कळलं. पोटाला कॅलरी मोजता येत नाहीत. जठर किती ताणलं गेलं ते त्याला कळतं आणि ती खबर मज्जातंतूंवाटे मेंदूला जाते. शिवाय अन्न आतड्यात पोचलं की, विशेषतः प्रथिनं, तिथून काही संप्रेरकं सुटतात आणि तीही 'आता पुरे' म्हणून सांगतात. फक्त त्याला थोडा वेळ लागतो, आणि मी तर दहा मिनिटांत ताट धुवायला टाकणारा माणूस. सगळंच निम्मं केल्यावर जठर अर्धं रिकामं, प्रथिनं अर्धी. म्हणजे पोट भरणाऱ्या गोष्टी मी नेमक्या कापल्या होत्या. ताट तेवढंच ठेवून आतलं बदलायला हवं होतं.

१९९५ साली सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. ३८ पदार्थ घेतले, प्रत्येकाचा साधारण २४० कॅलरींचा वाटा लोकांना खायला दिला आणि पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी विचारत राहिले, पोट किती भरल्यासारखं वाटतंय. पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले. सगळ्यांत वर कोण आलं असेल? उकडलेला बटाटा, ३२३. सगळ्यांत खाली क्रॉसाँ, म्हणजे लोण्याचे थर असलेला फ्रेंच पाव, ४७. मासा २२५, ओटची लापशी २०९, संत्रं २०२, सफरचंद १९७, अंडी १५०. आणि आपले शेंगदाणे ८४, ब्रेडच्याही खाली! बटाटा तळून फिंगर चिप्स केल्या की ३२३ चे ११६ होतात.

या आकड्यांना वेदवाक्य समजू नका. एकेक पदार्थ जेमतेम अकरा ते तेरा जणांनी खाल्ला होता आणि मोजमाप फक्त दोन तासांचं. त्यात डाळीला १३३ आणि पांढऱ्या भाताला १३८ आहेत. माझा अनुभव विचाराल तर दुपारी उसळ खाल्लेली संध्याकाळपर्यंत पुरते, नुसता भात चारलाच दगा देतो. पण एकूण कल खरा आहे. ज्यात पाणी, चोथा (फायबर) आणि प्रथिनं जास्त ते पोट भरतं, ज्यात तेल-तूप-साखर दाटीनं बसलीय ते भरत नाही.

तुमचा वडापाव घ्या. साधारण ३०० कॅलरी धरू. तेवढ्याच कॅलरीत ३५० ग्रॅम उकडलेले बटाटे येतात, म्हणजे मध्यम आकाराचे तीन-चार. मीठ-तिखट आणि लिंबू लावून एकदा बसून खाऊन बघा. माझ्याच्यानं चौथा जात नाही. वडापाव मात्र दोन सहज जातात आणि वर कटिंग लागतो.

आता तेल. माझा धंदा हिशेबाचा, म्हणून घरच्या तेलाचाही ताळेबंद मांडला. आम्ही चौघं, महिन्याला पाच लिटरचा डबा संपायचा. पाच लिटर म्हणजे साधारण ४५५० ग्रॅम. चार माणसं, तीस दिवस, म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम. ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर रोजच्या ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या, आणि त्यात पोटाला भरल्याची जाणीव जवळजवळ शून्य. हे मी आईला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "तेल नसलेली भाजी जनावरं खातात." मग तडजोड झाली: फोडणी बंद नाही, पण बाटलीतून धार नाही, चमच्यानं मोजून. आता महिन्याला तीन लिटर लागतं. माणशी रोज १३५ च्या आसपास कॅलरी गेल्या, आणि ताटातला एकही घास कमी झाला नाही. तुम्ही फक्त एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

कुटाचंही तेच. आमच्याकडे भेंडी सोडली तर प्रत्येक भाजीत दाण्याचं कूट पडतं. १०० ग्रॅम दाण्यात ५६० च्या वर कॅलरी. दाणे वाईट नाहीत, चांगलेच आहेत, पण ते मूठ भरून घ्यायचे नाहीत, चमच्यानं घ्यायचे.

पोह्यांवर मी सगळ्यांत जास्त प्रयोग केले, कारण पोहे सोडायला मी तयार नव्हतो. पूर्वीची प्लेट: ६० ग्रॅम कोरडे पोहे, म्हणजे २१० कॅलरी. मोठा चमचा तेल १२०. मूठभर दाणे, साधारण २० ग्रॅम, ११०. झाले ४४०, आणि अकराला परत भूक. आता ३० ग्रॅम पोहे, एक छोटा चमचा तेल, मोठा कांदा, पाऊण वाटी मटार किंवा किसलेला गाजर-कोबी, दाणे मोजून आठ-दहा. ही प्लेट तीनशेच्या आत बसते आणि दिसायला पहिलीएवढीच, किंबहुना मोठी. सोबत दोन उकडलेली अंडी, १४० कॅलरी. हिशेब जवळपास पहिल्याइतकाच आला, पण दीडपर्यंत भुकेचं नाव नाही. गुरुवारी आणि शनिवारी आमच्या घरात अंडं चालत नाही, तेव्हा अंड्यांऐवजी वाटीभर मोड आलेले मूग वाफवून, वर कांदा-लिंबू. म्हणजे कॅलरी न कापताच भूक दोन-अडीच तास पुढं ढकलली गेली. मधला अकराचा बिस्किटपुडा आपोआप सुटला, कपात झाली ती तिथं.

दुपारचं जेवण सांगतो. शाळूची (ज्वारीची) एक भाकरी, पातळ थापलेली. ७० ग्रॅम पीठ जातं, म्हणजे २४० कॅलरींच्या आसपास. भाकरीत तेल नसतं, ही तिची मोठी जमेची बाजू. घडीच्या चपातीत घडीला तेल, वरून तेल, मग तव्यावरून उतरल्यावर तूप. तिचा आकार बघून फसू नका. भाकरीबरोबर मोठी वाटी उसळ: मटकी, मूग, चवळी, वाटाणा, आलटून पालटून. ४० ग्रॅम कोरड्या मटकीला मोड आणले की केवढी तरी होते, कॅलरी १४० आणि प्रथिनं नऊ ग्रॅम. (मिसळीतही हीच मटकी असते हो. तिची काही चूक नसते. तर्री, मूठभर फरसाण आणि पाव यांनी ती बिघडते. मिसळ मी महिन्यातून एकदा खातो, तेव्हा सगळं घालून खातो, हिशेब करत नाही.) शिवाय पालेभाजी, बहुतेक वेळा गरगटं, आणि काकडी किंवा मुळ्याची कोशिंबीर, ताटाचा पाव भाग तरी. ही कोशिंबीर मी आधी संपवतो, मग भाकरी मोडतो. यानं भाकरी दोनवरून एकवर आली ती मला न सांगता.

ताकाबद्दल एक. आमच्या भागात दूध म्हशीचं, साय बोटभर. साय काढून लावलेल्या दह्याचं पातळ ताक दोन पेले प्यालं तरी काही वाटत नाही. सायीचं दही फेटून केलेलं ते 'ताक' वेगळं, त्याला लस्सीचा चुलतभाऊ समजा.

पातळ पदार्थांवर जोर द्या. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी १९९९ मध्ये दाखवलं होतं की जेवणाआधी तोच पदार्थ, तेवढंच पाणी, पण एकदा पदार्थाबरोबर पेलाभर पाणी दिलं आणि एकदा ते पाणी पदार्थातच घालून सूप केलं, तर सूप प्यालेल्यांनी पुढचं जेवण कमी घेतलं. आपल्याकडे याला वेगळं काही शोधायला नको. मुगाचं कढण, टोमॅटोचं सार, हुलग्याचं माडगं, आंबील, पातळ आमटी. रात्री उशिरा आलो की मी पिठलं करायला सांगतो, हल्ली स्वतःच करतो: ३० ग्रॅम बेसन, ११५ कॅलरी, त्यात मोठा पेलाभर पाणी, भरपूर कांदा-कोथिंबीर. झुणका त्याचा सख्खा भाऊ, पण तो तेल पितो.

फळं चावून खा, रस काढू नका. पेरू तर फारच स्वस्त आणि पोटभरीचा, १०० ग्रॅमला सत्तरच्या आत कॅलरी आणि पाचेक ग्रॅम चोथा. थंडीत मी रोज दुपारी एक मोठा खातो.

उपवासाबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. ६० ग्रॅम साबुदाणा २१०, ३० ग्रॅम कूट १७०, मोठा चमचा तूप १२५: एका प्लेट खिचडीत पाचशे कॅलरी, आणि साबुदाण्यात प्रथिनं नावालासुद्धा नाहीत. थोडीफार असतात ती कुटातली. एकादशीला माझं वजन वाढायचं. आता भगर करतो, पाण्यात छान फुलते, आणि बरोबर ताक, काकडी. आईनं यालाही आधी नाक मुरडलं होतं.

तुमच्या पाचच्या वडापावावर खरा इलाज दुपारी एक वाजता आहे. दुपारी दीड चपाती आणि चमचाभर भाजी खाल्ली तर पाचला तुम्ही कितीही निश्चयी असा, गाडी जिंकणार. दुपारी नीट जेवा. शिवाय साडेचारला, भूक भडकायच्या आधी, काहीतरी हातात हवं: उकडलेलं अंडं, भाजलेले फुटाणे मोजून ३० ग्रॅम (११० कॅलरी), उकडलेलं कणीस, पेरू. फुटाण्याची पुडी अख्खी टेबलावर ठेवू नका. कागदावर वाटा काढा आणि पुडी कपाटात टाका. मी हे तीनदा चुकलोय.

एक सावधगिरी. कडधान्यं आणि पालेभाज्या एकदम वाढवू नका. मी उत्साहात पहिल्याच आठवड्यात दोन्ही वेळा मटकी खाल्ली आणि मार्च अखेरच्या हिशेबाला सहा जणांच्या बंद खोलीत बसलो. तपशील सांगत नाही. आठवड्याला थोडं थोडं वाढवा, पाणी जास्त प्या, हिंग-ओवा-आलं घाला. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर जेवणात बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोला. माझ्या एका सहकाऱ्यानं मधुमेहाची गोळी तीच ठेवून जेवण बदललं तेव्हा रक्तातली साखर इतकी उतरली की त्याला खुर्चीवरून उठता येईना.

तुम्ही डबा घरून नेता की खानावळीचा, ते लिहिलेलं नाही. खानावळीचा असेल तर तेलावर तुमचा ताबा नाही, हे खरं. मी हंगामात तीन आठवडे खानावळीचा डबा खाल्ला तेव्हा असं केलं: भाजीचा डबा पाच मिनिटं तिरका ठेवायचा, वर आलेली तर्री झाकणात ओतून टाकायची. घट्ट बटाट्याच्या भाजीऐवजी जास्तीची आमटी मागायची, बहुतेक देतात. चपात्या कोरड्या सांगायच्या. आणि घरून पिशवीत दोन काकड्या, एक टोमॅटो, दोन उकडलेली अंडी किंवा डबीभर मोडाचे मूग. काकडी कापत बसू नका, तशीच खा, चावायला वेळ लागतो तेवढा बरा.